पन्नाशीची गाडी आणि डेव्हनची वाट

उन्हाळ्यात लेकाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी एक गाडी रस्त्यावर नक्की पाहिली असेल. बसपेक्षा लहान, मोटारीपेक्षा उंच. वरचा रंग पांढरा, खालचा निळा नाहीतर केशरी. नाकावर मोठा गोल बिल्ला आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. ती आपली रमतगमत चाललेली असते आणि मागे पंधरा गाड्यांची वरात! हीच ती फोक्सवॅगनची कॅम्पर. आत शेगडी, छोटंसं कपाट, रात्री उलगडली की पलंग होणारी बैठक. एका खोलीचं बिऱ्हाडच चाकांवर मांडलेलं, म्हणा ना!

अशी एक १९७३ सालची गाडी चार वर्षांपूर्वी आमच्या रेडिंगच्या घरी आली. शेजारच्या एका आजींच्या यजमानांची ती गाडी. ते गेल्यावर बरीच वर्षं झाकून ठेवलेली होती. आजींनी वाजवी पैशात दिली, पण दुरुस्तीचं काय? एका गॅरेजवाल्यानं कामांची भलीमोठी यादी आणि नऊशे पौंडांचा अंदाज हातात ठेवला. ह्यांची नोकरी पाळीची, मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. आमच्या घरखर्चात नऊशे पौंड म्हणजे चेष्टा नव्हे. शिवाय ह्यांना सुट्टी मिळेना, म्हणजे मुलांना घेऊन गाडी मलाच न्यायची होती. म्हणून ठरवलं, यातलं जे घरी होण्यासारखं आहे ते आपण शिकायचं.

ती शिकलेली कामं आणि गेल्या उन्हाळ्यात त्या गाडीतून केलेली डेव्हन-कॉर्नवॉलची सफर, दोन्ही आज तुम्हांला सांगते. दोन्ही वेगळी काढून सांगताच येत नाहीत.

गाडीची कुळकथा

बेन पोन नावाच्या एका डच व्यापाऱ्यानं १९४७ साली वहीत या गाडीचं कच्चं चित्र काढलं. १९५० साली जर्मनीत ती तयार होऊ लागली. आमच्यासारखी, पुढे एकसंध मोठी काच असलेली गाडी १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत निघाली. ब्राझीलमध्ये मात्र ही गाडी थेट २०१३ पर्यंत बनत होती. म्हणूनच पन्नास वर्षांच्या या म्हातारीचे सुटे भाग आजही नवे मिळतात.

सासूबाईंचं माहेर म्हापशाचं. गाडी पाहिल्याबरोबर त्या म्हणाल्या, "अगं बाई, ही तर हिप्प्यांची गाडी! हणजुण्याला किती असायच्या!" खरंच आहे. सत्तरच्या दशकात युरोपातली तरुण मंडळी अशा गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत रस्त्यानं गोव्याला पोचत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा आल्या आणि ती वाट मोडली. इतक्या लांबचा पल्ला या गाडीनं गाठला, त्याचं एक कारण तिचं साधं इंजिन. ते मागच्या बाजूला असतं आणि वाऱ्यानं थंड होतं. रेडिएटर नाही, त्यात पाणी घालायची भानगड नाही.

निघण्यापूर्वी

इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ आहे. त्यात फार बदल केले नसतील, तर एमओटी नावाची वार्षिक तपासणीही मे २०१८ पासून सक्तीची नाही. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ असा, की आता आपल्या गाडीकडे आपल्याशिवाय कुणी पाहणार नाही. आम्ही तपासणी दरवर्षी करून घेतोच. मागच्या सीटला पट्टे नव्हते. तेही गॅरेजमधून, खाली पक्क्या पट्ट्या बसवून लावून घेतले. मुलं बसायची, तिथे काटकसर नको.

दुसरी जोखीम पेट्रोलच्या रबरी नळ्यांची. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यानं फुगतं, भेगाळतं. गळलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं, की गाडी पेट घेते. या गाड्या अशाच जळतात. तेव्हा इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्यावी. तिच्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असतं. पहिल्या वेळी एका जाणत्या मेकॅनिकला हे काम करताना शेजारी उभी राहून पाहिलं. आता दर वसंतात प्रत्येक नळी बोटांनी दाबून, वाकवून पाहते. भेग दिसली की बदलायची. इंजिन गार, बॅटरीची तार सुटी आणि गाडी उघड्यावर. पुढच्या सीटजवळ आग विझवायचं नळकांडं हवंच.

तेल बदलणं त्या मानानं अगदी सोपं. अडीच लिटर तेल बसतं आणि दर पाच हजार किलोमीटरला बदलावं लागतं. आत कागदाचा फिल्टर नसून तारेची जाळी असते, आपल्या चहाच्या गाळणीसारखी. ती धुऊन, पुसून, नवी पॅकिंग लावून परत बसवायची. नट मात्र फार आवळू नयेत. त्या जाळीत धातूचा चुरा चमकताना दिसला, तर इंजिन आतून झिजतंय असं समजावं आणि जाणकाराला दाखवावं.

लेसचं गाव आणि जन्मगाव

रेडिंगहून निघालो ते ए-३०३ या रस्त्यानं. स्टोनहेंजच्या शिळा या रस्त्यावरूनच दिसतात. इतर गाड्या भुर्रकन जातात. आम्ही ताशी पन्नास मैलांच्या वर जात नाही, त्यामुळे मुलांना शिळा मोजायला वेळ मिळाला.

दुपारी हॉनिटन गावी थांबलो. इथली लेस जगप्रसिद्ध आहे. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नातल्या पोशाखाची लेस याच प्रकारची. जवळच्या बीअर नावाच्या गावातल्या बायकांनी ती विणली. गावच्या ऑलहॅलोज संग्रहालयात तिचे नमुने आहेत. उशीवर टाचण्या टोचून, लाकडी कांड्यांवरचे धागे एकमेकांत गुंफत ही लेस होते. सासूबाई काचेला नाक लावून अर्धा तास उभ्या होत्या.

तिथून सिडमथ जेमतेम दहा मैल. समुद्राकाठी तांबड्यालाल मातीचे उंच कडे, खाली गोट्यांचा किनारा. आमच्या गाडीचं हे दुसरं जन्मगाव. जर्मनीतून रिकाम्या गाड्या यायच्या आणि सिडमथच्या जॅक व्हाइट नावाच्या व्यावसायिकानं १९५६ साली त्यांत ओटा, कपाटं, बैठकी बसवायला सुरुवात केली. 'डेव्हन' छापाच्या गाड्या त्या याच. आमच्या गाडीतलं लाकूडकाम तिथलंच. छताचं कापड मात्र शिवणीत उसवलं होतं. ते मी घरच्या मशिनवर, जीन्ससाठी मिळते ती ११० नंबरची जाड सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा घालून पुन्हा शिवलं. सुती दोरा ओला राहून कुजतो.

डार्टमूरवर लाल दिवा

डार्टमूर म्हणजे मैलोन्‌मैल उघडा माळ. झुडपं, दगडांचे सुळके, मोकळी चरणारी बुटकी घोडी. पोस्टब्रिजला ग्रॅनाइटच्या प्रचंड फरश्या नुसत्या एकमेकींवर टेकवलेला मध्ययुगीन पूल आहे. घोड्यांना काही खायला घालायचं नाही, हा तिथला नियम. ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

पूल पाहून पुढे निघालो आणि चढावर एकदम लाल दिवा लागला. या गाडीत हा दिवा लागला, की होता तिथे बाजूला थांबायचं. फॅनबेल्ट तुटला तर बॅटरी भरत नाही, एवढंच नव्हे. इंजिन गार करणारा पंखाही त्याच पट्ट्यावर फिरतो. "जाऊ पुढच्या गावापर्यंत" म्हणणाऱ्याचं इंजिन मैल-दोन मैलांत भाजून निघतं.

मागचं झाकण उघडलं, तर पट्टा तुटून खाली लोंबत होता. मोबाइलला रेंज नाही. धाकटा रडवेला झाला. अर्धा तास इंजिन निवू दिलं. मग पुलीच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून एकवीस नंबरच्या पान्यानं नट सोडला. पुलीचे दोन अर्धे भाग असतात आणि मधे पातळ चकत्या. मधली चकती काढली की पट्टा घट्ट होतो, घातली की सैल. काढलेली चकती टाकायची नाही. बाहेरच्या बाजूला नटाखाली ठेवायची.

"चकत्या इथे दे, वाटीत ठेवते. गवतात गेली तर संपलं," सासूबाई म्हणाल्या आणि डब्यातला चिवडा मुलांच्या हातावर ओतून वाटी पुढे केली. नवा पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून पाहिला. सुमारे पंधरा मिलिमीटर दबला की ठीक. चाळीस मिनिटांत इंजिन पुन्हा सुरू झालं. सासूबाईंनी रात्री म्हापशाला भावाला फोन लावला तो हे सांगायलाच!

पावसातलं ब्यूड

ब्यूडला कॉर्नवॉल सुरू होतो. तिथे किनाऱ्यावर १९३० साली खडकांत बांधून काढलेला पोहण्याचा तलाव आहे. भरतीच्या लाटा वरून येऊन तो भरतात. मुलं दोन दिवस त्यातून निघेनात. तिसऱ्या दिवशी मात्र असा पाऊस लागला, की आपल्या कोकणाची आठवण व्हावी.

गाडी आतून कोरडी राहिली, कारण खिडक्यांची रबरं आम्ही वसंतातच बदलली होती. ती युक्ती सांगते. नवं रबर काचेभोवती चढवायचं. रबराच्या खाचेत, परकरात नाडी घालतो तशी, जाड दोरी सगळीकडून घालायची आणि टोकं आतल्या बाजूला सोडायची. साबणाचं पाणी लावायचं. एकानं बाहेरून काच दाबून धरायची, दुसऱ्यानं आतून दोरी हळूहळू ओढायची. रबराची कड आपोआप पत्र्यावर बसत जाते. ताकद लागत नाही, धीर लागतो.

पाणी मुरलं की पत्रा गंजतो, आणि गंजच या गाड्यांचा खरा काळ. दरवाजाखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा अंगठ्यानं दाबून पाहाव्यात. कुरकुरलं तर वेळीच वेल्डिंग. ते मात्र कसबी माणसाकडूनच करून घ्यावं. वरून पुटी फासून रंग दिलेला गंज आतून पोखरतच राहतो.

चढ आणि उतार

परतीची वाट ए-३९ नं, समुद्राच्या काठाकाठानं. क्लोव्हेलीत मोटारींना बंदी. उभ्या फरसबंद गल्लीतून सामान अजूनही घसरगाडीवरून उतरवतात. पुढे लिनमथ. १९५२ च्या ऑगस्टमध्ये इथे आलेल्या पुरात चौतीस माणसं गेली. नदीकाठी उभं राहिलं की आजही मन गंभीर होतं.

लिनमथहून काउंटिसबरीचा चढ चढताना पहिला गिअर सुटला नाही, पण इंजिन तापलं नाही. त्यासाठी मागच्या खिडक्यांजवळची हवेची भोकं पानं-कचरा काढून साफ हवीत आणि इंजिनाभोवतीचं रबर सलग हवं. ते फाटलं असेल, तर खालची गरम हवा पुन्हा वर ओढली जाते. माथ्यावरून पलीकडे वेल्सचा किनारा दिसतो.

पुढे पोरलॉकचा उतार, चारास एक! तिथे शेजारून झाडीतून वळणं घेत जाणारा जुना टोलचा रस्ता आहे. थोडे पैसे पडतात, पण जुन्या गाडीला तोच बरा. आम्ही खालच्या गिअरमध्ये, सावकाश उतरलो. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलावं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि लांब उतारावर तापलं, की पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो.

सुटे भाग घेताना

दुकानं टपालानं भाग पाठवतात. मागवताना नुसतं साल सांगू नये, चॅसिस क्रमांक द्यावा. फोक्सवॅगनचं नवं साल ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे डिसेंबरची गाडी पुढच्या सालात मोडते. नवा भाग नीट बसेपर्यंत जुना फेकू नये. रबर आणि केबल नव्याच घ्याव्यात; मूठ, कडी, कपाटाचं दार असले भाग जुने जर्मन मिळाले तर अधिक टिकतात. त्यासाठी हॅम्पशरमधल्या ब्यूली गावी सप्टेंबरात जुन्या भागांचा मोठा बाजार भरतो, १९६७ पासून. आपल्या मुंबईच्या चोरबाजाराची आठवण येते. घासाघीसही तितकीच चालते!

शेगडीची गॅसची नळी तारीख बघून बदलावी आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावं. काडी कधीही ओढू नये. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी घंटी हवी.

पेटीत काय असावं

तेरा आणि एकवीस नंबरचे पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, जादा फॅनबेल्ट, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, प्लग, पॉइंट, फीलर गेज, पेट्रोलची नळी आणि क्लिपा, एक लिटर तेल, टॉर्च, जुनी धोतरं फाडून केलेली फडकी. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर आणि टॅपेटची, इंजिन पूर्ण गार असताना, ०.१५ मिलिमीटर. हे आकडे झाकणाच्या आत लिहूनच ठेवलेत. आणि हो, एक वाटी!

जायचं असेल तर जून किंवा सप्टेंबर निवडा. ऑगस्टमध्ये त्या अरुंद रस्त्यांवर फार गर्दी होते. डार्टमूरवर गाडीत कुठेही झोपायला परवानगी नाही, कॅम्पसाइटची जागा आधी राखून ठेवा. भाजणी, मेतकूट आणि लोणचं बरोबर असलं, की दोन वेळची सोय त्या चिमुकल्या शेगडीवर छान होते.