कुआरी पासच्या अलीकडे

आधीच सांगून टाकते: मी कुआरी पासला पोचले नाही. मंडळाच्या कोजागिरीला निदान चार जणींनी विचारलं, "वर कसं वाटलं गं?" आणि दर वेळी दुधाचा पेला हातात धरून मला तेच सांगावं लागलं, की वर माझी लेक गेली, मी नाही. तेव्हाच ठरवलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. बक्षीस म्हणून तिला मोबाइल नको होता, हिमालय हवा होता. बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून मी निघाले. वय 47, रोजचा व्यायाम म्हणजे संध्याकाळी कॉलनीच्या बागेत सहा फेऱ्या. एप्रिल 2024 मध्ये आम्ही दोघी रेल्वेनं हरिद्वारला उतरलो. सोबत दोन सॅक, एक औषधांची पिशवी आणि दोन किलो लोंगसेव. इंदूरकर कुठेही निघाला तरी सेव आधी भरतो, बाकीचं नंतर.

हरिद्वारहून जोशीमठ जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर. पहाटे जीप निघते ती संध्याकाळी पोचते. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे चार संगम लागतात. पाचवा, विष्णुप्रयाग, जोशीमठच्या खाली आहे. माझी आजी या रस्त्याला "बद्रीकेदारची वाट" म्हणायची. ती कधी गेली नाही, पण अहिल्यादेवींनी तिथे यात्रेकरूंची सोय केली हे मात्र अभिमानानं सांगायची, जणू खर्च आमच्याच घरातून झाला होता.

जोशीमठ मी मनात एक शांत देवस्थान म्हणून रंगवलं होतं. शंकराचार्यांचा मठ, कल्पवृक्ष म्हणतात ते जुनं तुतीचं झाड, नृसिंहाचं मंदिर. हे सगळं आहे. पण त्याच गल्ल्यांमध्ये भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा आहेत आणि काही घरांवर लाल फुल्या आहेत. जानेवारी 2023 मध्ये इथली जमीन खचायला लागली आणि आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले. गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलंय, इथे मोठी बांधकामं नकोत, असं 1976 सालीच मिश्रा समितीनं सांगून ठेवलं होतं. औलीला जाणारा रोपवे तेव्हापासून बंद होता. (आम्ही परतल्यावर दोनेक महिन्यांत गावाचं नाव अधिकृतपणे ज्योतिर्मठ झालं. भेगांचं काय झालं ते बातमीत नव्हतं.) नृसिंहाच्या मूर्तीचा एक हात दरवर्षी बारीक होतोय, तो तुटेल त्या दिवशी बद्रीनाथची वाट बंद होईल, अशी तिथली श्रद्धा आहे. पुजारीबुवांनी हे इतक्या सहज सांगितलं, की आपण लाइट जाणार असल्याचं सांगतो तसं.

दुसऱ्या दिवशी ढाक गावातून चालायला सुरुवात झाली. आमचा गाइड चाळिशीचा, कमी बोलणारा. सगळे त्याला "भैजी" म्हणायचे. गढवालीत भैजी म्हणजे दादा. मदतीला तुगासी गावचा एक विशीतला मुलगा. बरोबर तेरा जण, त्यात पुण्याचं एक जोडपं, त्यामुळे पहिल्या तासातच "तुम्ही मूळचे कुठले?" हा कार्यक्रम पार पडला. "इंदूर" म्हटल्यावर "पण मराठी छान बोलता हो!" हेही आलंच. चार पिढ्या झाल्या तरी येतं.

तुगासीच्या वर शेतं संपतात आणि बांज लागतो. बांज म्हणजे तिथला ओक. बायका त्याचा पाला कापून पाठीवर आणतात, गुरांना घालतात, गोठ्यात पसरतात, मग त्याचं खत शेतात जातं. बांजाच्या रानात पाणी टिकतं, असं भैजी म्हणाला, आणि खरंच, त्या रानात पायाखालची माती ओली होती. मध्येच बुरांशची झाडं, लालभडक फुलांनी लगडलेली. आमच्या लेकीनं एक फूल उचलून चाखलं. आंबटसर लागतं. त्याचं सरबत करतात.

पहिला मुक्काम गुलिंगला. समोर द्रोणागिरी, 7066 मीटर. भैजीनं सांगितलं, की त्या पर्वताखालच्या द्रोणागिरी गावात हनुमानाची पूजा करत नाहीत. "हमारा पहाड़ उखाड़ के ले गया, वापस भी नहीं रखा." लहानपणापासून आपण ही गोष्ट लक्ष्मणाच्या बाजूनं ऐकतो. ज्यांचा डोंगर गेला त्यांची बाजू मला कोणी सांगितली नव्हती.

आता माझा मूर्खपणा. तंबूतलं शौचालय लांब होतं, रात्री थंडी. म्हणून मी दुपारपासून पाणी पिणं कमी केलं. बऱ्याच बायका प्रवासात हेच करतात, म्हणून मुद्दाम लिहिते. शिवाय पहिल्या दिवशी तरुण मंडळींच्या बरोबरीनं भराभर चालले, "मम्मी फिट आहे" हे ऐकायला. दुसऱ्या दिवशी खुल्लाऱ्याला पोचेपर्यंत डोकं ठणकत होतं. उंची अकरा हजार फूट. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, म्हणजे अठराशे फूट. मी गुपचूप डोकेदुखीची गोळी घेतली आणि कोणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

भैजीनं जेवताना एकच प्रश्न विचारला. "दीदी, रोटी क्यों नहीं खाई?"

मी म्हटलं भूक नाही. त्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला, पाच मिनिटांनी पुन्हा लावला. रात्री मला दोनदा उलटी झाली. पहाटे चारला, बाकीचे बुटांवर स्पाइक्स चढवत असताना, तो तंबूच्या दाराशी उकिडवा बसला आणि म्हणाला, दीदी, तुम्ही वर नाही, खाली जायचं. पहाडात असं डोकं दुखलं की औषध एकच, उतरणं. तुगासीचा मुलगा सोबत येईल. "बिटिया का आप बोलो."

फोनला रेंज नव्हती. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. लेक माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा मला आजही आठवतो. ती "मी पण खाली येते" म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्यावरून कळत होतं. सोळा वर्षांची मुलगी, बर्फ, अनोळखी माणसं. दुसरीकडे वर्षभर कपाटाच्या दारावर चिकटवलेला तो नकाशा. पुण्याच्या ताई म्हणाल्या, "माझ्या पुढे ठेवते तिला, नजरेआड नाही करणार." भैजीनं तिचंही बोट तपासलं. आकडा चांगला होता. रात्री दोन पोळ्या खाल्ल्या होत्या तिनं.

मी "जा" म्हटलं. म्हटल्यावर लगेच वाटलं, चुकलं. पण तोवर तिचा हेडलॅम्प रांगेत मिसळला होता. तेरा दिव्यांमधला तिचा कुठला, हे मला ओळखता येईना.

उतरताना हजारेक फुटांनंतर डोकं हलकं व्हायला लागलं. दुपारी आम्ही तुगासीला त्या मुलाच्या बोडीच्या, म्हणजे मोठ्या काकूच्या घरी पोचलो. दगडी पाट्यांचं छप्पर, खाली गुरं, वर माणसं. बोडी सत्तरीच्या असाव्यात. मला बघून पहिलं वाक्य: "बीमार है?" दुसरं: "लड़की कहाँ है?"

सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. चुलीवर मंडुएची भाकरी टाकली, म्हणजे आपली नाचणी, आणि गहतची डाळ वाढली, म्हणजे कुळीथ. मी म्हटलं आमच्याकडेही कुळीथ खातात. मग त्यांची कळी खुलली. झंगोऱ्याची खीर आपल्या उपासाच्या मोरधनासारखी लागते.

संध्याकाळ काही केल्या होईना. मी दर दहा मिनिटांनी अंगणात जाऊन वर बघायची. वर ढग होते. बोडी पाला निवडत बोलत राहिल्या, बहुधा मला गुंतवायलाच. 7 फेब्रुवारी 2021 च्या सकाळी खालच्या धौलीगंगेतून असा आवाज आला की गुरांनी दावी तोडली. मग तपोवनच्या बाजूला धुळीचा लोट. वर कडा आणि हिमनदीचा तुकडा तुटून खाली आला होता, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या ओळखीतली दोघं बोगद्यात होती. जोशीमठात भावाचं घर, त्यावर लाल फुली. भाऊ काही दिवस सरकारी निवाऱ्यात राहिला आणि गाय कुठे बांधायची म्हणून परत आला. तडे रोज मोजतो म्हणे, खडूनं खुणा करून.

याच खोऱ्यात वरच्या बाजूला रैणी गाव आहे. 26 मार्च 1974 ला गावातले पुरुष बाहेर गेलेले असताना गौरादेवी सत्तावीस बायका घेऊन झाडांपुढे उभ्या राहिल्या. शाळेच्या पुस्तकात आपण 'चिपको' म्हणून दोन ओळी वाचतो. बोडींसाठी ती शेजारच्या गावची बाई.

अंधार पडल्यावर त्यांनी नंदादेवीचं सांगितलं. गढवालसाठी नंदा ही देवी नंतर, लेक आधी. लग्न होऊन कैलासाला गेलेली. बारा वर्षांनी राजजात निघते ती तिला सासरी पोचवायला, आणि निरोप देताना बायका खरोखरच्या रडतात. मी म्हटलं, आमच्याकडे गौरी तीन दिवस माहेरपणाला येतात, आणि तिसऱ्या दिवशी घर असं रिकामं होतं की बोलवत नाही. बोडी म्हणाल्या, "तुम्हारी तीन दिन में जाती है?" त्यांना ते फार कमी वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वरून हाका ऐकू आल्या. लेक सगळ्यात पुढे, नाक सोललेलं, ओठ फुटलेले. मला मिठी मारायच्या आधी म्हणाली, "आई, सेव संपवली आम्ही. सगळी. पासवर." मग सांगत सुटली. चौखंबा, नीलकंठ, कामेत, हाथी-घोडी, द्रोणागिरी, बोटानं हवेत रेघ काढत एकेक. नंदादेवी दहा मिनिटं दिसली, 7816 मीटर, मग ढगात गेली. "मी रडले वर. पण तुझ्यासाठी नाही हं. गॉगल तुझ्या सॅकमध्ये राहिला होता."

पुण्याच्या ताईंनी मागून मानेनंच खूण केली की तसं नव्हतं.

फोटो तिनं पन्नासएक काढले होते. पण मला त्यात डोंगरांपेक्षा तिचे बूटच जास्त दिसले, लेस नीट बांधली होती की नाही ते.

निघताना बोडींनी लेकीच्या ओढणीत मूठभर तांदूळ आणि अक्रोड बांधले. मी पैसे पुढे केले तर रागावल्या. बारा अक्रोड होते. हरिद्वारला पोचलो तेव्हा आठ उरले, आणि ते चार कोणी खाल्ले यावर घरात अजून वाद आहे.