कड

वडील गेल्यानंतर त्यांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी दोन वर्षे दारात उभी होती. सुरू केली की निळसर धूर सोडायची. अखेर इंजिन उतरवून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये नेले. ‘हे इंजिन कधी उघडलेले नाही,’ असे वडील शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. तेच वाक्य मी मिस्त्रींना ऐकवले.

मिस्त्री काही बोलले नाहीत. सिलिंडरमध्ये बोअर गेज सोडून काटा पाहत राहिले. पिस्टन वरखाली होताना कनेक्टिंग रॉड तिरका होतो आणि पिस्टनला बाजूच्या भिंतीवर रेटतो. त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होत जाते. रिंगांच्या वरच्या टप्प्यापाशी झीज सर्वांत जास्त. पण त्याच्याही वर एक अरुंद कड उरते. तिथवर रिंग पोहोचतच नाही, म्हणून तिथे आधीचे माप शाबूत असते. या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. कडेवरचे माप निघाले ६८.५.

“सर, ह्ये एकदा बोअर केल्यालं हाय,” मिस्त्री म्हणाले. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन त्यांनी खरवडला. खाली वाढीव मापाचा ठसा होता.

पाठचिकित्सा शिकवताना मी भांडारकर संस्थेच्या महाभारताचा दाखला देत आलो आहे. आदिपर्वाचे संपादन करताना सुखटणकरांनी काश्मीरकडच्या शारदा प्रतींना मोठे मोल दिले, कारण त्यांत मागाहूनची भर कमी होती. जिथे कमी हात फिरले तिथे जुना पाठ सापडतो, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! घरातल्या संहितेची अशी कड कुणी आपल्यासमोर धरील, असे मात्र वाटले नव्हते.

रात्री आईला विचारले. ती क्षणभर गप्प राहिली. “तू पुण्याला एम.ए.ला होतास ना, तेव्हा महिनाभर गाडी दारात नव्हती. तुझी फी आणि इंजिनाचा खर्च एकदमच आला. तुला कळलं असतं तर तू शिक्षण सोडून आला असतास, म्हणून म्हणाले, सांगायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना म्हणालो, ती कड राखता येणार नाही का? झिजलेल्या जागी धातू भरून भागत नाही. सगळे भोक सर्वांत झिजलेल्या जागेच्या पलीकडे मोठे करावे लागते. म्हणजे जी जागा कमी झिजली, तिथलाच धातू अधिक जातो. “ठेवायचं आसंल तर घरात ठेवा,” ते म्हणाले. “चालवायचं आसंल तर कापाय पायजे. आनि आदी पिस्टन आना. पिस्टन मापून मंग बोअर.” नव्या पिस्टनला साजेल एवढेच, वर तेलाच्या पदरापुरती फट ठेवून कापायचे. त्यालाही मर्यादा आहे. भिंत पातळ झाली की पुढे स्लीव्ह बसवावी लागते.

मी नवे पिस्टन आणून दिले. बोअरिंग होत असताना उभा राहिलो. बारीक राखाडी कीस खाली पडत होता आणि त्यातच ती कड गेली. शेवटी होनिंग झाले. भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवत नाहीत, कारण तेल टिकत नाही. एकमेकांना छेदणारे सूक्ष्म ओरखडे मुद्दाम उमटवतात. मी बोटाने ते चाचपून पाहिले.

गाडी आता धूर सोडत नाही. कुणी चौकशी केली, तर मी सांगतो, “हे इंजिन दोनदा उघडलेले आहे.”