उजव्या सोंडेचा गणपती आणि नऊ आकडे

विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ फोन उभा धरून काढला, तरी आतला सेन्सर 1920 बाय 1080 च्या आडव्या फ्रेमच टिपत राहतो. प्रत्येक फ्रेम फिरवून साठवायची तर बॅटरीवर ताण येतो. म्हणून बहुतेक फोन फ्रेमला हात न लावता फाइलीत नऊ आकडे लिहून ठेवतात: तीन ओळी, तीन रकाने, अवघे 36 बाइट. ते वाचून चित्र उभं करायचं काम व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. तसलं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा व्यवसाय, आणि या नऊ आकड्यांच्या मॅट्रिक्सवर माझा फार जीव आहे.

उजवीकडे पाव फेरा द्यायचा असेल, तर प्रत्येक बिंदूचा नवा क्ष म्हणजे 1080 वजा जुना य, आणि नवा य म्हणजे जुना क्ष. यातला 1080 गाळला तर पडदा रिकामा दिसतो, कारण फ्रेम स्वतःच्या मध्याभोवती फिरत नाही, डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती फिरते आणि पडद्याबाहेर जाते. तिला ओढून परत आणावं लागतं. पण दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सला सरकवणं जमत नाही, कोपरा जागचा हलतच नाही. गणितज्ञ मोबियसने 1827 साली बिंदूंना एक जादा निर्देशक देण्याची वाट दाखवली, तिच्यामुळे फिरवणं आणि सरकवणं एकाच गुणाकारात बसतं. तिसरी ओळ आणि तिसरा रकाना त्यासाठीच. पडद्यावर य वरून खाली मोजतात, म्हणून पाठ्यपुस्तकातलं डावीकडे फिरवणारं सूत्र इथे उजवीकडे फिरवतं. नवख्यांची इथे हमखास गल्लत होते.

आता सिद्धटेकचा सिद्धिविनायक घ्या. सोंड उजवी. सेल्फी कॅमेऱ्यासारखी फ्रेम आरशातली केली, म्हणजे क्षच्या जागी 1920 वजा क्ष लिहिला, की सोंड डावी झाली. ती पाव फेऱ्याने, अर्ध्या फेऱ्याने, कशानेही पुन्हा उजवी होणार नाही. दहावीत क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक हे आधीच सांगतो: फिरवण्याचा निश्चयक अधिक एक, आरशासारखं उलटवण्याचा उणे एक. कितीही अधिक एक गुणले तरी उणे एक पुसला जात नाही, त्याला दुसरा उणे एकच लागतो. भाविकाच्या दृष्टीने उजवी आणि डावी सोंड यांत केवढं अंतर आहे! ते अंतर एका चिन्हात सामावतं, याचं मला अजून नवल वाटतं.

क्रमही सांभाळावा लागतो. आधी उलटवून मग पाव फेरा दिला, किंवा आधी फेरा देऊन मग उलटवलं, तर दोन चित्रांत नेमका 180 अंशांचा फरक पडतो.

व्हिडिओ आडवा दिसतो म्हणून लोक तो फिरवून नव्याने साठवतात, तेव्हा जीव तुटतो. पुन्हा कॉम्प्रेस होताना उधळलेल्या गुलालाचे बारीक कण आधी पुसले जातात. नऊ आकडे बदलले असते तर मूळ फ्रेम जशीच्या तशी राहिली असती. उलटवण्याच्या बाबतीत मात्र मी अपवाद करतो. काही प्लेअर मॅट्रिक्समधून फक्त कोन काढून घेतात आणि निश्चयकाचं चिन्ह पाहतच नाहीत. व्हिडिओ कुठल्या प्लेअरवर चालेल हे ठाऊक नसेल, तर उलटवणं पिक्सेलमध्येच करावं आणि मूळ फाइल जपून ठेवावी.