ग्रिप नांदेडची, मूठ लातूरची!

गोल्फ खेळणारा एखादा बॉस तुमच्या ऑफिसात असेलच. त्याला सहज विचारा, क्लबची ग्रिप कशी बदलतात? अर्धा तास गेलाच म्हणून समजा! जुनं रबर कापायचं, दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, त्यावर थिनर ओतायचं आणि टेप ओली असतानाच नवी ग्रिप झटक्यात सरकवायची. हे घरच्या घरी करणारे हौशी लोक जगभर आहेत.

नांदेडला गोल्फ बघायला कुणी जात नाही. पण हॉकी? बॉस, तो मामला वेगळा आहे. देवगिरी एक्सप्रेसनं रात्री मुंबई सोडली की सकाळी नांदेड. गुरू गोबिंदसिंगजींनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतलेला सचखंड गुरुद्वारा तुम्हाला माहीत असतोच. पण गुरुजींच्या नावानं इथे अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, गोल्ड आणि सिल्व्हर कपची, हे आपल्याला कुठे माहीत असतं? पंजाबातून संघ येतात आणि अख्खं गाव मैदानाच्या कडेला उभं राहतं. आपली हॉकी धनराज पिल्लेपाशी सुरू होऊन टोकियो आणि पॅरिसच्या ब्राँझपाशी संपते. इथे ती गल्लीत असते.

माझा मामा याच गल्लीतला. नोकरीसाठी लातूरला गेला, स्टिक मात्र मावशीच्या माळ्यावर राहिली. तुतीच्या लाकडाची, भारदस्त. ग्रिपचं काय झालं होतं म्हणाल, तर टॉवेलच्या कापडाचं पोतेरं! मावशी ती भंगारात द्यायला निघालेली.

"कुणाच्या हातासाठी पाहिजे?" दुकानदारानं पहिला प्रश्न हाच विचारला. मामाची बोटं संधिवातानं पूर्ण मिटत नाहीत. चहाचा कपही तो दोन्ही हातांनी धरतो. हे सांगितल्यावर त्यानं किंमत सांगायच्या आधी दोन गुंडाळ्या काढल्या. आत बॅडमिंटनची साधी ग्रिप, वर हॉकीची. मूठ जाड झाली की बोटं कमी वळवावी लागतात. गोल्फवालेही दुखऱ्या हातांसाठी जाड ग्रिपच घेतात.

मग मावशीच्या स्वयंपाकघरात बैठक. जुनी ग्रिप सोलली. खाली राहिलेला चिकटा नेलपेंट रिमूव्हरनं पुसला (हो, माझाच!) आणि लाकूड वाळू दिलं. घाई करू नका, ओल्यावर काही चिकटत नाही. वरच्या टोकापासून सुरुवात करायची. पट्टी तिरकी, ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर जरासा चढवत खाली यायचं. ताण सैल पडला की सुरकुती येते, आणि ती तळहाताला लगेच कळते. माझा पहिला थर दोनदा उलगडला. शेवटी इन्सुलेशन टेपचे तीन वेढे. बिल एका पिझ्झ्याहून कमी!

एक गोष्ट तेव्हा कळली. झीज सगळी वरच्या टोकाला होती. हॉकीत डावा हात वर असतो आणि स्टिक तोच फिरवतो. उजवा खाली, जरा सैल. मामाचा डावा हातच जास्त आखडलाय.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर. बसमध्ये सगळ्यांना स्टिकबद्दल बोलायचं होतं! गंजगोलाईत उतरून भटकलात तर छानच. 1917 मधली गोल बाजारपेठ, चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये देवीचं मंदिर. मी मात्र थेट मामाकडे गेले.

"हे काय आणलीस गं?" म्हणत त्यानं ती उजव्या हातात घेतली. मग आपसूक डावा हात वर गेला. बोटं वळली, आणखी वळली, अंगठा येऊन टेकला. मी श्वास रोखून धरलेला. त्यानं स्टिक एकदा उलटी फिरवली, हळूच. परत सरळ केली.

"बसायलंय बघ हातात," तो म्हणाला आणि टीपॉयखालचं लिंबू ओढून काढलं.

"फरशी फुटेल माझी!" मामी आतून ओरडली. लिंबू तोवर गॅलरीत पोचलं होतं.