शिंका चालतील, डुलकी नको

मी जनावरांची डॉक्टर आहे आणि मला मांजरांची ॲलर्जी आहे. हे कळलं की समोरचा आधी हसतो आणि मग "कुत्र्यांचंच बघा की मग" असं सुचवतो. कुत्र्यांचीही आहे, जरा कमी. म्हशींची नाही, पण म्हशी असतात तिथं धूर असतो, आणि धुराचं आणि माझं वेगळंच भांडण आहे.

दवाखाना कोल्हापुरात. सकाळी आसपासच्या गावांत गोठ्यांची फेरी, संध्याकाळी शहरातली कुत्री-मांजरं. शिरवळला शिकताना नाक वाहायचं, पण होस्टेलवर कुणाचं ना कुणाचं नाक वाहतच असतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा मांजरं कमी यायची. पूर्वी मांजर घरात असायचं, दूध प्यायचं आणि आपलं आपण बघायचं. आता ते जाळीच्या पिशवीतून, लसीकरणाची फाईल घेऊन येतं. याचा मला आनंदच आहे, फक्त नाकाला नाही. तिसरं मांजर टेबलावर आलं की डोळे खाजायला लागायचे, नख ओढलं गेलेल्या जागी गांध उठायची, आणि मग शिंकांवर शिंका. त्यात मांजर शिंकेला विलक्षण दचकतं. एका शिंकेसरशी पेशंट टेबलावरून थेट औषधांच्या कपाटावर, आणि खाली मालकीणबाई "मन्या, ये बाळा" करत उभ्या.

गोळी घ्यायची म्हटलं तर मेडिकलमध्ये सर्दीची म्हणून जी पटकन हातावर ठेवतात, तिच्यात बहुतेकदा क्लोरफेनिरामिन असतं. त्याचा भाऊबंद फेनिरामिन, म्हणजे ॲव्हिल, माझ्याच बॅगेत कायम असतो. गांधीलमाशी चावून तोंड सुजलेल्या कुत्र्याला मी ते टोचते. सूज उतरायला लागते आणि थोड्या वेळात कुत्रं पायरीवर पाय ताणून पडतं. मालक म्हणतो, आराम पडला बघा. निम्मं श्रेय झोपेचं असतं. ही झोप कुत्र्याला परवडते. मला अडीच किलोच्या मांजरीला भूल द्यायची असते आणि तिथं सिरिंजवरची एक बारीक रेघ इकडेतिकडे होऊन चालत नाही. गोळी घेतलेल्या एका दुपारी ती रेघ मला पुन्हा पुन्हा बघावीशी वाटली. डोस बरोबरच होता, तरी मी मदतनिसाकडून तपासून घेतला आणि पुढचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर टाकलं.

झोप का येते ते अभ्यासक्रमात होतं, पण स्वतःवर बेतलं तेव्हा नीट समजलं. हिस्टामिन नाकात शिंका आणतं, आणि मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवतं. जुन्या पिढीच्या गोळ्या मेंदूत शिरतात आणि तिथलंही हिस्टामिन अडवतात. दानिएल बोव्हे यांना 1957 चं नोबेल मिळालं त्या कामात ही हिस्टामिन अडवणारी औषधंही होती. या गोळ्यांनी जगाला शिंकांपासून सोडवलं आणि पेंगायला लावलं. पण पेंग जाणवली तर माणूस निदान सावध होतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ॲलर्जी असलेल्या 40 जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं होतं. आळीपाळीनं जुन्या पिढीतली डायफेनहायड्रामिन, नव्या पिढीतली फेक्सोफेनाडिन, दारू आणि औषध नसलेली नुसती पोकळ गोळी. 2000 साली निष्कर्ष छापून आले: सगळ्यात वाईट गाडी चालवली ती डायफेनहायड्रामिन घेऊन, दारूपेक्षाही वाईट. फेक्सोफेनाडिनवर मात्र पोकळ गोळीसारखीच. आणि मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे, किती झोप येतेय असं लोकांना वाटत होतं त्यावरून त्यांची गाडी किती बिघडणार याचा नीट अंदाज येत नव्हता. "मला नाही हो झोप येत त्या गोळीनं" असं कुणी म्हणालं की मी आता गप्प बसते, पण त्याच्या गाडीत बसत नाही.

शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ॲलर्जीची गोळी आधी काही दिवस पूर्ण बंद ठेवायला सांगितली, कारण ती अंगात असली तर टेस्ट फसते. मग हातावर पेनानं खुणा, प्रत्येक खुणेपाशी एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब, आणि थेंबातून सुईचं हलकं टोचणं. पंधरा-वीस मिनिटं हात खाजवायचा नाही, हीच खरी परीक्षा. मांजराच्या खुणेवर टप्पोरी गांध उठली, कुत्र्याची त्याहून लहान, आणि घरातल्या धुळीतल्या किड्याचीही एक, ती मात्र मी बोलावली नव्हती. मी विचारलं, "आणि धूर?"

"धुराचा थेंब नसतो," डॉक्टर म्हणाले. "धूर झोंबतो. सगळ्यांनाच. तुमचं नाक आधीच सुजलेलं, म्हणून तुम्हाला जास्त."

माझा सगळा गोंधळ इथं सुटला. मांजराची लाळ आणि कातडीतल्या ग्रंथींमधून येणारं एक प्रथिन माझं शरीर शत्रू धरतं; तिथं हिस्टामिन अडवून उपयोग होतो. धुरात तसं काही घडत नाही, त्यामुळे गोठ्यात जाण्याआधी घेतलेली गोळी मला फक्त झोप देत होती. त्यांनी फुंकून बघायची टेस्टही करायला लावली, कारण छातीत घरघर असेल तर तो दमा असू शकतो, आणि त्याचा इलाज वेगळा. नशिबानं ती ठीक निघाली.

आता पाया आहे तो नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा. त्यानं झोप येत नाही. मात्र आज मारला आणि आज नाक मोकळं, असं होत नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात निम्मे लोक बाटली फेकून देतात. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या; तोंड नळीचं कानाच्या दिशेला, मधल्या पडद्यावर नाही, नाहीतर रक्त येतं. आणि वर जोरात ओढायचं नाही, औषध घशात जातं. डोळ्यांसाठी थेंब वेगळे. रात्री उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून जलनेती. आई हे मला लहानपणापासून सांगत होती, त्यामुळे आता तिच्यासमोर करत नाही.

दवाखान्यातही काही गोष्टी हलवल्या. मांजरं सगळी शेवटच्या तासात, म्हणजे शिंका सुरू होतात तेव्हा घरी जायची वेळ झालेली असते. टेबल कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मांजर टॉवेलात गुंडाळून फक्त हवा तो पाय बाहेर, यानं माझे हात वाचतात आणि मांजरही शांत राहतं. एप्रन तिथंच उतरतो, कारण हे प्रथिन कपड्यांवर बसून मांजर नसलेल्या घरांतही पोहोचतं. आणि एक व्यावसायिक स्वार्थ: खच्ची न केलेल्या बोक्यात ते जास्त तयार होतं. बोका खच्ची करून घ्या, असं मी मालकांना फार तळमळीनं सांगते. त्यांना वाटतं, मला मांजरांच्या लोकसंख्येची काळजी आहे. तीही आहे.

धुराचं मात्र औषधानं भागत नाही, तिथं तोंडानंच बोलावं लागतं. ऊसतोड सुरू झाली की तुटलेल्या फडात पाचट पेटवतात. संध्याकाळी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते. कृषी खातं पाचट सरीत कुजवा म्हणून कधीपासून सांगतंय, आणि शेतकरी म्हणतात, "पेटवल्याबिगर खोडवा हुतोय व्हय?" त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्या गावची फेरी सकाळी लवकर उरकते, गाडीच्या काचा बंद, तोंडावर एन-95. त्यानं बारीक कण अडतात, धुरातले वायू अडत नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं. गोठ्यात मात्र वाद घालते. माश्या-डासांसाठी घमेल्यात शेणी आणि कडुनिंबाचा पाला धुमसत असतो. मी दारातूनच, "मावशी, घमेलं आधी बाहेर घ्या."

"धुरानं डास येत न्हाईत ओ डॉक्टरीणबाई."

"मी पण येत नाही."

घमेलं निघतं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं होतं, तिकडं मी कानाडोळा करते. म्हशीलाही तो धूर आवडत असेल असं मला वाटत नाही, पण तिला कुणी विचारलेलं नाही.

एवढं करूनही काही दिवस गोळी लागतेच. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली फेक्सोफेनाडिन, आणि साध्या पाण्याबरोबर. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती अंगात कमी शोषली जाते. सेटिरिझिन नव्या पिढीतली म्हणतात, पण काही जणांना तिनं झोप येते आणि त्यात मी आहे. मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी मला दोन-तीन ओळखीच्यांनी आग्रहानं सुचवली. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मॉन्टेलुकास्टच्या मनावरच्या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं 2020 मध्ये सगळ्यात कडक इशारा दिलाय, उगाच कशाला.

आणि एखाद्या रात्री अंगभर गांधी उठून ती झोप आणणारी जुनी गोळी घ्यावीच लागली, तर सकाळचा अंमल गृहीत धरते. मदतनिसाला आधीच सांगितलेलं आहे: त्या दिवशी गाडी तो चालवणार आणि फळ्यावर "आज ऑपरेशन नाही" लिहिणार. लोक चिडतात. रजा काढून आलोय, मांजर रात्रीपासून उपाशी ठेवलंय, तुम्हाला तर काहीच झालेलं दिसत नाही. त्यांचं बरोबर आहे. मी मांजराला आधी काहीतरी खायला घालायला सांगते आणि त्यांना परवाची पहिली वेळ देते.