रिळाची टिकटिक

गळाच्या रिळातली टिकटिक म्हणजे बिघाडच, असे नाही. जुन्या रिळांत उलटे फिरणे रोखणारी खिटी दात्यांवर आपटते. खटका सोडून हँडल फिरवावे; आवाज थांबला तर तो खिटीचाच, चिंता नको. नाहीतर स्पूल काढून फिरवावे. आता शांत झाले तर खोट स्पूलपाशी, तरीही वाजले तर आत दाता झिजलेला. दोरीवर ताण आल्यावरच कुरकुरले तर रोलरात मीठ. गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा एक थेंब पुरतो.

रत्नागिरीत अब्बांचे रीळ मीच उघडते. त्यांना आता ऐकू कमी येते. हँडलवरच्या बोटांना मात्र टिकटिक आधी कळते. ते नुसते म्हणतात, ‘‘बेटा, बघ जरा.’’ त्यांचे समुद्रावर जाणे चालू राहावे, एवढ्यासाठी मी हे शिकले.