पगार : घेण्याचा की देण्याचा?

हजीऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत महिनाअखेर आली, की मराठी काय नि गुजराती काय, साऱ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो : पगार. हा शब्द आम्ही आपलाच समजत होतो. स्पॅनिश शिकणारी आमची नात परवा म्हणाली, “आजोबा, तिकडे ‘पगार’ हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे देणे!”

आपल्याकडे तो आला पोर्तुगिजांकडून. त्यांची भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण. इथून जवळच, सुंवालीच्या समुद्रात, १६१२ साली इंग्रजांनी त्यांच्या आरमाराला मागे रेटले. सत्ता ओसरली, शब्द मात्र राहिला.

स्पॅनिशमध्ये बिलाप्रमाणे चुकीचीही किंमत ‘पगार’ करावी लागते. आपण नाही का कर्ज फेडतो, तसेच पापही फेडतो? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर शांत करणे, संतुष्ट करणे.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आमच्या कामाच्या बाईंचे चार दिवसांचे पैसे आम्ही नुकतेच कापले होते. घेणाऱ्याचा म्हणून मिरवलेला शब्द मुळात देणाऱ्याचा निघाला.

दुसऱ्या दिवशी ते पैसे आम्ही बाईंच्या हाती ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत. शांत झालो ते आम्हीच.